लोअर आर्म खाली नेल्यावर टायर का सुटतो? ड्रॅग रेसिंग आणि मागच्या लिंकचे कोन

प्रश्न असा आला आहे: फॉक्स-बॉडी मस्टँग (फोर्डची १९७९ ते १९९३ ची मस्टँग), व्ही-८, मागे अख्खा ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच कडक ॲक्सलवर) आणि तो बॉडीला जोडणारी कंपनीचीच चार आर्मची, म्हणजे लिंकची, मांडणी: दोन वर, दोन खाली (लोअर). गाडीची उंची कमी केली, मग लोअर आर्मची मागची टोकं खाली नेणारी ब्रॅकेट्स बसवली आणि आर्म सगळ्यांत खालच्या होलला बांधले. आता सुटताना गाडी जोरात पकडते, नाक उसळतं, मागची बॉडीही वर येते आणि दहा-पंधरा फुटांवर टायर सुटून जागीच फिरायला लागतो. अँटी-स्क्वॉट (सुटताना मागची बॉडी बसू न देणारा आर्मच्या कोनांचा परिणाम) अजून कमी पडतोय का, वरच्या आर्मचाही कोन वाढवावा का?

नाही. तुमच्याकडे अँटी-स्क्वॉट गरजेपेक्षा जास्त आहे. आधी मागच्या शॉकअपचा उघडतानाचा विरोध वाढवून बघा आणि तेवढ्याने भागलं नाही तर लोअर आर्म एक होल वर घ्या. कारण सविस्तर लिहितो, कारण या विषयात कोनांना नको तितकं श्रेय दिलं जातं आणि त्यातूनच माणसं उलट्या दिशेने बोल्ट फिरवत बसतात.

सुरुवात वजनापासून. गाडी पुढे झेपावते तेव्हा पुढच्या चाकांवरचा काही भार मागच्या चाकांवर जातो. हा भार किती, हे फक्त चार गोष्टी ठरवतात: गाडीचं वजन, प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. ड्रायव्हरसकट १४५० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटरवर, फॉक्स-बॉडीचा व्हीलबेस सुमारे २.५५ मीटर आणि प्रवेग १.५ जी धरा. १४५० गुणिले १.५ गुणिले ०.५०, भागिले २.५५. उत्तर येतं सुमारे ४२६ किलो. उभ्या गाडीत मागे ४४ टक्के म्हणजे ६३८ किलो असतील, तर सुटताना मागच्या दोन टायरवर मिळून १०६० किलोंच्या आसपास येतात.

या हिशेबात लिंकचा कोन कुठेच आला नाही. आर्म कुठल्याही होलला बांधा, गाडी एकसारख्या प्रवेगाने धावत असताना मागे जाणारा भार तेवढाच राहतो. कोन ठरवतात ते दोनच गोष्टी: हा भार टायरपर्यंत स्प्रिंगमधून जातो की थेट आर्ममधून, आणि तो किती लवकर पोचतो. ड्रॅग रेसमध्ये पहिले ६० फूट दीड सेकंदाच्या आसपास संपतात, त्यामुळे ‘किती लवकर’ हा प्रश्न फार मोठा आहे. पण तो वेळेचा प्रश्न आहे, नवीन वजन निर्माण होण्याचा नाही.

आता आर्म नेमकं काय करतात ते पाहू. भारतात ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचं असेल त्यांनी टोयोटा इनोव्हा क्रिस्टाच्या मागे वाकून पाहावं. तिथेही अख्खा ॲक्सल, चार आर्म आणि एक आडवी लॅटरल रॉड दिसते. मस्टँगमध्ये आडवी रॉड नाही. वरचे दोन आर्म वरून पाहिल्यावर तिरके लावलेले आहेत आणि ॲक्सलला बाजूला सरकू न देण्याचं काम तेच करतात.

टायर जमिनीला मागे रेटतो, जमीन टायरला पुढे ढकलते. हा जोर ॲक्सलमधून बॉडीला मिळतो तो या चार आर्ममधूनच. जोर जमिनीच्या पातळीवर लागतो आणि आर्म त्याच्या वर आहेत, त्यामुळे ॲक्सलचं हाउसिंग (बाहेरचं कवच) मागे वळू पाहतं, म्हणजे पिनियनचं (प्रोपेलर शाफ्टला जोडलेल्या गिअरचं) नाक वर उचलू पाहतं. त्याला रोखताना खालचे आर्म दाबले जातात आणि वरचे आर्म ताणले जातात. खालचे बॉडीला पुढे ढकलतात, वरचे तिला मागे खेचतात. वरच्या आर्मची बांधणी जमिनीपासून खालच्याच्या दुप्पट उंचीवर धरली, तर खालच्या दोघांवर मिळून टायरच्या जोराच्या दुप्पट दाब येतो. हिशेबातल्या गाडीत टायरचा जोर सुमारे २१७५ किलोंचा आहे, म्हणजे प्रत्येक खालच्या आर्मवर दोन टनांहून जास्त. कंपनीचे पत्रा वाकवून केलेले उघडे आर्म आणि त्यांचे रबरी बुश या दाबाला दबतात. तुम्ही कागदावर काढलेला कोन सुटतानाच्या क्षणी तसाच राहत नाही, त्याचं पहिलं कारण हे.

खालचा आर्म पुढे चढता असेल तर तो ढकलताना बॉडीला थोडा वरही रेटतो. वरचा आर्म पुढे उतरता असेल तर तो मागे खेचताना बॉडीला वरही ओढतो. दोन्ही मिळून बॉडी उचलली जाते आणि तेवढ्याच जोराने ॲक्सल खाली दाबला जातो. अँटी-स्क्वॉट म्हणजे एवढंच. या उचलीची आणि मागे येणाऱ्या भाराची तुलना टक्क्यांत मांडतात.

ती काढायची रीत अशी. बाजूने पाहिलेलं चित्र काढा. खालच्या आर्मच्या दोन बोल्टमधून एक रेघ पुढे वाढवा, वरच्याच्या दोन बोल्टमधून दुसरी. दोन्ही जिथे मिळतात तो इन्स्टंट सेंटर. मागचा टायर जमिनीला टेकतो तिथून या बिंदूची उंची भागिले अंतर, म्हणजे त्या रेघेचा चढ. गुरुत्वमध्याची उंची भागिले व्हीलबेस हा दुसरा चढ, हिशेबातल्या गाडीत ०.१९६. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १०० टक्के आलं तर मागे येणारा सगळा भार आर्ममधून जातो, मागची बॉडी ना बसते ना उठते. त्याखाली असेल तर उरलेला भार स्प्रिंगमधून जातो आणि बॉडी बसते. त्याहून जास्त असेल तर बॉडी ॲक्सलपासून वर उठते.

तुमच्या गाडीची मापं माझ्याकडे नाहीत, म्हणून फॉक्स-बॉडीसारख्या आखूड वरच्या आर्मच्या मांडणीची उदाहरणादाखल मापं घेतो. वरच्या आर्मचं मागचं टोक ४६ सेंटिमीटर उंचीवर, पुढचं ४३ वर, बाजूने दिसणारी लांबी २४. खालच्याचं पुढचं टोक २५ वर, लांबी ४८. ब्रॅकेटच्या तळच्या होलला मागचं टोक १८ सेंटिमीटरवर आहे असं धरा. इन्स्टंट सेंटर येतो ॲक्सलच्या पुढे १.०३ मीटरवर, ३३ सेंटिमीटर उंचीवर. अँटी-स्क्वॉट १६३ टक्के. एक होल, म्हणजे अडीच सेंटिमीटर वर घेतलं की तो १३७ वर येतो. आणखी एक होल वर घेतलं की १०६. अडीच सेंटिमीटरला तीस टक्के इकडचे तिकडे होतात. म्हणून ‘होल एकच तर बदललं’ असं कोणी म्हणालं की मी आधी टेप मागतो.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे. १६३ टक्क्यांच्या गाडीत क्लच सुटल्या क्षणी आर्म बॉडीला वर फेकतात. बॉडी वर जायला लागते, म्हणजे तिला वरच्या दिशेने प्रवेग मिळतो. तो प्रवेग देणारा जोर शेवटी जमिनीतूनच येतो, त्यामुळे त्या क्षणी टायरवरचा भार १०६० किलोंपेक्षाही जास्त होतो. टायर चपटा होतो, भिंतीला सुरकुत्या पडतात, गाडी झकास पकडते. पण ही उसनवारी आहे. वर निघालेली बॉडी कुठेतरी थांबणारच, एकतर स्प्रिंगचा जोर संपल्यावर किंवा शॉकअप पूर्ण उघडून ठेचल्यावर. ती थांबताना आधी घेतलेला जादा भार परत द्यावा लागतो. तेवढ्या काळापुरता टायरवरचा भार १०६० च्या खाली उतरतो आणि इंजिन मात्र तेवढ्याच ताकदीने फिरवत असतं. दीड जीच्या प्रवेगाला दहा-पंधरा फूट कापायला साधारण पाऊण सेकंद लागतो. तुमचा टायर नेमका तिथेच सुटतोय. शॉकअप ठेचून थांबत असेल तर परतफेड एका झटक्यात होते आणि टायर सुटणारच.

उलट बाजूचा दोष वेगळा दिसतो. अँटी-स्क्वॉट ५०-६० टक्के असेल तर मागची बॉडी आधी बसते, स्प्रिंग दबेपर्यंत भार पुरता पोचत नाही आणि टायर पहिल्या दोन-तीन फुटांतच फिरतो. उंची कमी केलेल्या फॉक्स-बॉडीत हेच होतं, कारण बॉडी खाली आली की खालच्या आर्मचं पुढचं टोकही खाली येतं आणि आर्म आडवा किंवा पुढे उतरता होतो. ब्रॅकेट बसवण्याचा तुमचा निर्णय बरोबरच होता. फक्त तळच्या होलपर्यंत जाण्याची गरज नव्हती. टायर सुटतो कुठे, जागेवरच की थोडं पुढे जाऊन, हा निदानातला पहिला प्रश्न आहे. दोन्ही दोषांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि ‘गाडी पकडत नाही’ एवढ्या वर्णनावरून सल्ला देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आकडा सारखाच ठेवून इन्स्टंट सेंटर जवळ किंवा लांब ठेवता येतो आणि त्याने फरक पडतो. पुष्कळजण म्हणतात की जवळचा बिंदू जोरात मारतो, लांबचा हळू. माझ्या मते हे अर्धवट आहे. ॲक्सल खाली दाबणारा जोर चढावरून ठरतो, नुसत्या अंतरावरून नाही. अंतर ठरवतं ते सस्पेन्शन हलताना हाउसिंग किती वळेल ते. बिंदू १.०३ मीटरवर असताना बॉडी ४ सेंटिमीटर वर गेली तर हाउसिंग सव्वादोन अंशांच्या आसपास वळतं. तोच बिंदू दीड मीटरवर असेल तर दीड अंश. पिनियनचा कोन त्याच प्रमाणात बदलतो आणि आखूड बिंदूची गाडी मागे थडथडण्याची, चाक उड्या मारण्याची शक्यता वाढते. फोर्डने नंतरच्या फॉक्स-बॉडींत ॲक्सलला आडवे जादा शॉकअप लावले ते हाउसिंगचं हे वळणं आवरण्यासाठीच.

शिवाय हा बिंदू एका जागी राहत नाही. वरच्याच उदाहरणात बॉडी ४ सेंटिमीटर उठली की तो दीड मीटरच्या जवळ सरकतो आणि त्याची उंची ३३ वरून ५२ सेंटिमीटर होते. म्हणून मोजमाप नेहमी गाडी चाकांवर उभी असताना करायचं, ड्रायव्हर सीटवर किंवा त्याच्या वजनाच्या गोण्या ठेवून, इंधन शर्यतीला असतं तेवढं घालून, टायरमध्ये शर्यतीची हवा ठेवून. लिफ्टवर लटकलेल्या गाडीचे कोन मोजून काहीही कळत नाही. सपाट फरशी, ओळंबा, टेप आणि आलेखाचा कागद एवढं पुरतं. बोल्टच्या मध्यापासून मापं घ्या, आर्मच्या पत्र्याच्या कडेपासून नको.

आता तुमच्या गाडीवर काम कसं करायचं ते क्रमाने सांगतो. आधी मोबाइल तिपाईवर ठेवून बाजूने, मागच्या चाकाच्या उंचीवरून, सेकंदाला २४० फ्रेमवर चित्रण करा. चाकाच्या बरोबर वर बॉडीवर चिकटपट्टीची खूण लावा. चाकाच्या मध्यापासून त्या खुणेपर्यंतचं अंतर प्रत्येक फ्रेममध्ये कसं बदलतं ते पाहा. उभ्या गाडीपेक्षा ते झपाट्याने वाढून एकदम थांबत असेल आणि त्यानंतर लगेच टायरच्या सुरकुत्या जाऊन तो गोल होत असेल, तर वर सांगितलेली परतफेड तुम्ही डोळ्यांनी पाहताय. मागच्या शॉकअपचा उघडण्याचा विरोध दोन-दोन क्लिकने वाढवत जा. बॉडी तेवढीच उठली तरी चालेल, पण ती सावकाश उठली पाहिजे आणि शॉकअप टोकाला ठेचता कामा नये. पुढच्या शॉकअपलाही हात लावावा लागेल, कारण नाक जितक्या वेगाने उसळतं तितक्याच वेगाने ते थांबल्यावर मागचा टायर हलका होतो.

एवढं करूनही टायर त्याच जागी सुटला तर खालचा आर्म एक होल वर घ्या. त्याच वेळी टायरची हवा, क्लच, सुटण्याचा आरपीएम यांतलं काहीही बदलू नका. होल बदललं की ॲक्सल किंचित सरकतो आणि पिनियनचा कोन बदलतो, तो पुन्हा लावा. रबरी बुश नसलेल्या आर्मवर पिनियनचं नाक प्रोपेलर शाफ्टच्या रेघेपासून एक-दोन अंश खाली पुरतं. रबरी बुश असतील तर ते दबणार हे धरून थोडं जास्त द्यावं लागतं. दोन्ही बाजूंचे आर्म एकाच लांबीचे आणि एकाच होलला हवेत हे वेगळं सांगायला नको, पण तपासा. आणि वरच्या आर्मच्या दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेनचे बुश घातले असतील तर ते काढा. तिरक्या वरच्या आर्मना बॉडी कलताना पिळावं लागतं. कडक बुश ते होऊ देत नाहीत, मागचं सस्पेन्शन अडकतं आणि गाडी दर खेपेला वेगळी वागते. ॲक्सलच्या टोकाला गोलाकार बेअरिंग घातलं की हा त्रास जातो.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट नाही, पण ती विचारायला हवी: दोन्ही टायर सुटतात की उजवाच आधी? अख्ख्या ॲक्सलमध्ये प्रोपेलर शाफ्टचा पीळ हाउसिंगला मागून पाहिल्यास डावीकडे फिरवतो, म्हणजे डावा टायर दाबतो आणि उजवा उचलतो. तोच पीळ बॉडीला उलट बाजूला, उजव्या मागच्या कोपऱ्यावर बसवतो. बॉडीचं हे कलणं मागच्या स्प्रिंग आणि अँटी-रोल बारने (कलणं रोखणाऱ्या दांडीने) थोपवलं तर तो जोर उजव्या टायरवर परत येतो आणि हिशेब जुळतो. पुढच्या स्प्रिंगनी थोपवलं तर तेवढा वाटा मागे परतत नाही आणि उजवा टायर हलका राहतो. म्हणून या गाड्यांत मागे जाड अँटी-रोल बार घालतात, पुढचा काढून टाकतात आणि पूर्वीपासून उजव्या मागच्या स्प्रिंगमध्ये एअर बॅग बसवण्याची पद्धत आहे. ट्रॅकवर सोडलेल्या रबराच्या पट्ट्यांत उजवी पट्टी आधी काळी दिसत असेल तर लिंकच्या कोनांना हात लावण्याआधी हे सोडवा. बाजूने काढलेल्या चित्रात हा दोष कधीच दिसत नाही.

दुसऱ्या मांडण्यांबद्दल थोडक्यात. पाट्यांवरच्या गाड्यांत पाटा स्वतःच आर्मचं काम करतो आणि पीळ पडून इंग्रजी एसच्या आकारात वाकतो, त्यामुळे तिथे आधी पाटा आवरणाऱ्या बारचा विचार करावा लागतो. लॅडर बारमध्ये (मागे ॲक्सलला पक्के आणि पुढे एकाच बोल्टवर असलेले शिडीसारखे बार) इन्स्टंट सेंटर म्हणजे बारचा पुढचा बोल्टच, म्हणून तो लावायला सोपा आणि बदलायला मर्यादित. १९८२ ते २००२ च्या कॅमॅरोमध्ये लांब टॉर्क आर्म (ॲक्सलचं वळणं रोखणारा दांडा) आहे, तिथे तो आर्म आखूड करून बिंदू जवळ आणतात. प्रो स्टॉक या ड्रॅग रेसिंगच्या वर्गात सगळीकडे होलच होल असलेली चार लिंकची मांडणी असते आणि तिथली मंडळी ट्रॅक तापला की दोन फेऱ्यांमध्येही लिंक हलवतात. टॉप फ्युएल ड्रॅगस्टरला तर मागे सस्पेन्शनच नसतं, ॲक्सल चेसिसला घट्ट बांधलेला असतो. तिथे सगळं काम लांब लवचीक चेसिस, टायर आणि क्लच करतात. २०१५ पासूनच्या मस्टँगमध्ये मागची चाकं स्वतंत्र आहेत आणि डिफरन्शियल बॉडीला बांधलेलं आहे, त्यामुळे वरचं सूत्र तिथे जसंच्या तसं लावू नका. तिथे चढ जमिनीपासून नव्हे तर चाकाच्या मध्यापासून मोजतात. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर धावणाऱ्या पुढच्या चाकांच्या गाड्यांना यातलं काहीच लागू नाही, कारण मागे जाणारा प्रत्येक किलो त्यांच्या ओढणाऱ्या चाकांवरून कमी होतो.

टायरचाही विचार करा. जुन्या पद्धतीचा बायस-प्लाय स्लिक (तिरक्या थरांचा, नक्षी नसलेला टायर) थोडा फिरला तरी पुन्हा पकडतो, त्यामुळे तो जास्त अँटी-स्क्वॉटचा धक्का बऱ्यापैकी सोसतो. ड्रॅग रेडियल एकदा सुटला की सहसा परत पकडत नाही. त्याला भार लवकर हवा, पण टिकणारा हवा. तुमच्या मस्टँगवर रेडियल असतील तर मी १६० च्या आसपास थांबलोच नसतो, ११० ते १३० मध्ये सुरुवात करून शॉकअपवर वेळ घालवला असता.

खालचा आर्म वर घेण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मला पहिल्या ६० फुटांइतकंच महत्त्वाचं वाटतं. पुढे चढता असलेला लोअर आर्म बॉडी कलली की ॲक्सलला वळवतो. ज्या बाजूला बॉडी बसते त्या बाजूचं चाक मागे ढकललं जातं, दुसऱ्या बाजूचं पुढे ओढलं जातं आणि गाडी मागच्या चाकांनी वळायला लागते. पाव मैलाच्या टोकाला, ताशी दोनशेच्या पुढे, ट्रॅकच्या एखाद्या उंचवट्यावर गाडी अचानक बाजूला ओढते ती यामुळेही. तळच्या होलला बांधलेल्या गाडीत शेवटच्या टप्प्यात स्टिअरिंग सारखं दुरुस्त करावं लागत असेल तर पहिल्या फुटांचा वेळ कितीही चांगला येवो, एक होल वर घ्याच.

तिसऱ्या होलला, म्हणजे शंभर टक्क्यांच्या जवळ येऊनही टायर त्याच दहा-पंधरा फुटांवर सुटत असेल, चित्रणात बॉडी शांत दिसत असेल आणि दोन्ही पट्ट्या सारख्या काळ्या असतील, तर लिंक आहे तिथेच ठेवा. मग टायरची हवा, त्याचं वय आणि सुटतानाची ताकद तपासायला घ्या.